लेबलवरचा साइज आणि मोजपट्टी
तयार कपड्यांची खरेदी तुम्ही नव्यानेच करू लागला आहात, म्हणून सांगते की लेबलवरचा आकडा हे केवळ त्या कंपनीचे मत समजावे. अमेरिकेत स्त्रियांच्या कपड्यांच्या मापांसाठी १९५८ साली ठरवलेले ऐच्छिक मानकही १९८३ मध्ये मागे घेण्यात आले. कंपन्या आपापल्या मॉडेलच्या अंगावर एक माप बसवून बाकीची मापे त्यावरून वाढवतात-घटवतात. शिवाय गिऱ्हाईक खूश राहावे म्हणून आकडा मुद्दाम लहान ठेवण्याची चलाखी असतेच. त्यामुळे अंगाला नीट बसणारा एखादा शर्ट सपाट पसरून त्याची काखेपासून काखेपर्यंतची रुंदी टेपने मोजून ठेवावी, आणि कंपनीच्या साइजच्या तक्त्याशी ती ताडताना तक्त्यातले माप अंगाचे आहे की कपड्याचे, हे आधी पाहावे, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो. जीन्स मात्र घालून, खाली बसून पाहिल्याशिवाय घेऊ नये.