रविवारी अकराला बारा पाहुणे

चि. स अनेक आशीर्वाद,

कोजागरी झाली की येणाऱ्या रविवारी बारा माणसं बोलावली आहेस, वेळ सकाळी अकराची, म्हणजे नाश्ता आणि जेवण एकातच. शेगड्या दोन आणि हाताखाली कुणी नाही. तेव्हा मेनू ठरवताना सगळ्यात आधी हे बघ, की पाहुणे आल्यावर तुला कढईसमोर किती वेळ उभं राहावं लागणार. बटाटेवडे, पुऱ्या, घावन यादीतून काढूनच टाक. मिसळ-पाव, कोथिंबीर वडी, सीताफळ बासुंदी आणि ताक, एवढं पुष्कळ झालं. यातली वडी तेवढी सकाळी परतायची.

तारीख पक्की करण्याआधी पंचांग बघ. त्या पंधरवड्यात संकष्टी येते, रमा एकादशी येते. रविवारीच उपवास निघाला तर निम्मी मंडळी नुसतं ताक पिऊन जातील.

मटकी कोरडी 600 ग्रॅम घे. शुक्रवारी सकाळी भिजत घाल, रात्री उपसून फडक्यात बांध. ऑक्टोबरच्या उकाड्यात शनिवारी सकाळपर्यंत मोड येतात. अर्ध्या पेराएवढे झाले की गाठोडं सोड. तसंच संध्याकाळपर्यंत राहिलं तर मटकी चिकट होते, आंबूस वास धरते, आणि तो वास धुऊन जात नाही. उसळ पातेल्यातच कर. कुकरमध्ये तिचा लगदा होतो. दाणा बोटाने दाबला की चेपला पाहिजे, पण सालातून सुटलेला नसावा, कारण रविवारी गरम करताना तो आणखी शिजणार आहे. उसळीत हळद, हिंग, मीठ एवढंच घाल. लहान मुलांना तीच पावाबरोबर देता येते, तिखट सगळं कटात असू दे.

कटासाठी सहा मोठे कांदे, 150 ग्रॅम सुकं खोबरं, लसणाचा एक गड्डा, दोन इंच आलं, दोन चमचे धणे, चमचाभर तीळ. कांदा तेलावर चांगला तपकिरी होऊ दे. खोबरं मात्र वेगळं भाज. ते कांद्याच्या कितीतरी आधी करपतं, आणि करपलेल्या खोबऱ्याचा कडूपणा मसाला कितीही घातला तरी लपत नाही. बारीक वाटलेलं वाटण वाटीभर तेलात मंद आचेवर कडेने तेल सुटेपर्यंत परत. इथे घाई केलीस तर कच्चा कांदा लागतो आणि तर्री येत नाही. गॅस अगदी बारीक करून तीन मोठे चमचे कांदा-लसूण मसाला घाल, हलव आणि शनिवारी तिथेच थांब. एवढा घट्ट मसाला एका डब्यात मावतो. रविवारी तो गरम करून त्यात तीन लिटर उकळतं पाणी ओतायचं, दहा मिनिटं उकळायचं. मीठ पाणी घातल्यावरच चाखून घाल.

उसळ गरम असताना खोल पातेल्यात तशीच फ्रीजमध्ये ढकलू नकोस. वरून गार लागते, पण मधला भाग बराच वेळ कोमट राहतो आणि तिथूनच आंबायला लागते. परातीत पसरून गार कर, मग उथळ डब्यात भर.

वडीची कोथिंबीर धुऊन फडक्यावर पूर्ण सुकव. ओली राहिली की बेसन वाढवावं लागतं आणि वडी घट्ट, पिठूळ होते. चार वाट्या चिरलेल्या कोथिंबिरीला दोन वाट्या बेसन आणि तीन चमचे तांदळाचं पीठ पुरतं. उंडे शनिवारी वीस मिनिटं वाफव, गार झाले की अख्खेच फ्रीजमध्ये ठेव. गार उंडा सुरीखाली सुबक कापला जातो, गरम असताना भुगा होतो.

बासुंदीला म्हशीचं दोन लिटर दूध शनिवारी आटवून निम्मं कर, 100 ग्रॅम साखर शेवटी घाल आणि रात्रभर थंड होऊ दे. सीताफळं सहा-सात मोठी लागतील. पुण्यात असशील तर सासवड-पुरंदरकडची मिळतात. दोन दिवस आधी कडकच आण, घरी पिकव. डोळे सुटून मधल्या रेषा फिकट झाल्या की तयार. गर मिक्सरला लावू नकोस. बिया फुटल्या तर गर वाया, कारण त्या विषारी असतात. चाळणीवर हाताने घोळ. हा गर गरम दुधात पडला तर बासुंदी कडवट होते, म्हणून सकाळी थंडगार दुधातच मिसळ आणि पुन्हा फ्रीजमध्ये ठेव.

रविवारी साडेनऊला वड्या कापून बाहेर काढून ठेव. दहाला एका शेगडीवर कट, दुसरीवर उसळ. उसळ उतरली की त्याच शेगडीवर तवा ठेवून वड्या थोड्या तेलात परत. कांदा, कोथिंबीर, लिंबं तोवर चिरून झालेली हवीत. फरसाण 600 ग्रॅम, पण पुडा पहिली ताटली वाढतानाच फोड. पाव तीस लागतील. शनिवारचे नकोत, त्याच सकाळी बेकरीतून आण.

तुझी मावशी