वाचकांचे प्रश्न: घरचे व्हिडीओ कॉम्प्युटरवर एडिट करायचेत, सुरुवात कुठून करू?

या वेळी आलेल्या प्रश्नांमध्ये घरच्या व्हिडीओंवरचे इतके होते की बाकीचे सगळे पुढच्या अंकासाठी ठेवले आणि हेच घेतले.

चिपळूणहून एक निवृत्त शिक्षक: ताई नमस्कार. आमच्याकडे लग्नमुंजीच्या काही व्हीएचएस कॅसेट आहेत आणि मुलगी कॉलेजात होती तेव्हाच्या हँडीकॅमच्या छोट्या मिनी डीव्ही कॅसेट डझनभर. मुलीने तिचा लॅपटॉप दिलाय, त्यावर हे सगळं घेऊन कापून एक नीट फिल्म करायची आहे. कॅमेऱ्याला यूएसबी लावली तर फक्त फोटो दिसतात, व्हिडीओ दिसतच नाही. काय करावं?

सर नमस्कार. एडिटिंग होईल सावकाश, आधी कॅसेटमधलं बाहेर काढू आणि त्याला मात्र उशीर करू नका. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं, त्यामुळे आज जे चालू व्हीसीआर आहेत तेवढेच आपले, आणि त्यांचे हेड (टेप वाचणारा भाग) बदलून देणारे मेकॅनिकही कमी होत चाललेत.

तुम्ही कोकणात राहता म्हणून आणखी एक. कुठलीही कॅसेट मशीनमध्ये घालायच्या आधी तिच्या खिडकीतून टॉर्च मारून बघा, टेपच्या कडेला पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट अजिबात चालवू नका, बुरशी व्हीसीआरच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटला, शिवाय टेप चिकटून तुटायची भीती वेगळीच. ती बाजूला ठेवा आणि टेप साफ करून ट्रान्सफर करणाऱ्याकडेच द्या. ज्या चांगल्या दिसतायत त्या आधी एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड करून परत रिवाइंड करा, वर्षानुवर्षं एकाच जागी पडलेली टेप त्याने जरा मोकळी होते.

आता व्हीएचएस आणि मिनी डीव्ही या दोघींचा रस्ता वेगळा आहे. व्हीएचएस ॲनालॉग, म्हणून व्हीसीआरच्या पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिना यूएसबी कॅप्चरच्या डबीत लावायच्या (पिवळी चित्राची, बाकी दोन आवाजाच्या) आणि सॉफ्टवेअरमध्ये स्टँडर्ड पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) निवडायचं, रिझोल्यूशन ७२० बाय ५७६. मिनी डीव्हीत मात्र टेपवर आधीच डिजिटल डेटा आहे, तो जसाच्या तसा उतरवता येतो. पण त्याची वाट यूएसबीची नाही, फायरवायरची, ती वेगळी केबल असते. कॅमेऱ्यावर डीव्ही किंवा आयलिंक लिहिलेलं छोटं चार पिनांचं भोक असेल बघा, ते. यूएसबी त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना मेमरी कार्डवरचे फोटो काढायलाच दिलेली असायची, तुम्हाला फोटोच दिसतायत ते त्यामुळे, कॅमेरा बिघडलेला नाही.

हल्लीच्या लॅपटॉपला फायरवायर येत नाही. कुणाकडे जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्यात फायरवायरचं कार्ड बसतं, आणि विनडीव्ही नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर या कामाला पुरतं. एक तासाची टेप उतरायला एक तासच लागतो, त्यात घाई चालत नाही, आणि तासाला साधारण १३ जीबी जागा लागते, तेव्हा आधी एक एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या. हे सगळं जमवणं अवघड वाटत असेल तर सरळ फोटो स्टुडिओत द्या, पण देताना स्पष्ट सांगा की मला नुसती डीव्हीडी नको, मिनी डीव्हीची मूळ डीव्ही एव्हीआय फाइल हार्डडिस्कवर पाहिजे. डीव्हीडी करताना चित्र बरंच दाबलं जातं आणि तेच पुन्हा कापून पुन्हा एक्स्पोर्ट केलं की आणखी खराब होतं.

फाइली हातात आल्या की मला परत लिहा, कापाकापी त्यामानाने सोपी आहे आणि पुढच्या उत्तरात त्यातलं बरंच आलंय.

पुण्याहून एक आई: ताई माझ्या मुलीचा पहिला वाढदिवस तीन आठवड्यांवर आलाय, हॉलमध्ये स्क्रीन आहे तर तिचा वर्षभराचा व्हिडीओ लावायचाय. मोबाईलमध्ये शेकड्याने क्लिप आहेत, काही माझ्या आयफोनवर, काही नवऱ्याच्या अँड्रॉइडवर, काही आजीने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या. लॅपटॉप आय थ्री, ८ जीबी रॅम. मैत्रिणीने डाविंची रिझॉल्व्ह घे म्हणून सांगितलं, ते टाकलं तर लॅपटॉप हँगच होतोय. आवाज पण ओठांच्या मागे पुढे होतोय.

रिझॉल्व्ह उत्तम आहे, फुकटही आहे, पण त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी तरी रॅम लागते, तुमच्या लॅपटॉपवर ते नकोच. विंडोज ११ असेल तर क्लिपचॅम्प त्यात आधीच आहे, तुकडे जोडून नावं टाकण्याइतपत काम त्यात आरामात होतं. पण माझं मत विचाराल तर शॉटकट घ्या, फुकट आहे, व्हिडीओवर कुणाचा शिक्का येत नाही, इंटरनेट नसलं तरी चालतं, आणि पुढे शिकायचं म्हटलं तर त्यात बरंच काही आहे. जुन्या लोकांना विंडोज मूव्ही मेकर आठवत असेल, तो मायक्रोसॉफ्टने २०१७ च्या जानेवारीत बंद केला, आता त्या नावाने जे काही डाउनलोडला दिसतं त्याच्या नादाला लागू नका.

हँग होण्याचं दुसरं कारण क्लिपमध्ये आहे. आयफोन सहसा एचईव्हीसी नावाच्या पद्धतीत रेकॉर्ड करतो, त्यात फाइल लहान होते पण ती उलगडायला प्रोसेसरला फार मेहनत पडते, वर ती फोरके असेल तर आय थ्रीचा जीवच जातो. शॉटकटच्या सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी चालू करा, मग ते प्रत्येक क्लिपची छोटी हलकी कॉपी बनवतं, तुम्ही काम त्या कॉपीवर करता आणि शेवटी एक्स्पोर्ट मात्र मूळ क्लिपवरून होतं. प्रिव्ह्यू स्केलिंग ३६०पी ठेवलं की आणखी हलकं. आणि आजपासून शूट करताना आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट्सला मोस्ट कम्पॅटिबल निवडून ठेवा.

आवाज पुढे मागे होतो त्याचं कारण वेगळं. मोबाईल सेकंदाला ठरलेल्या ३० फ्रेम घेत नाही, अंधार असला किंवा फोन तापला की कमी जास्त होतात, आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर सगळं एकसारखं आहे असं धरून चालतं. शॉटकट अशी क्लिप उघडताना स्वतःच विचारतं की कन्व्हर्ट करू का, तिथे हो म्हणा आणि पहिलाच पर्याय निवडा, पुढच्या दोन पर्यायांच्या फाइली अवाढव्य होतात. दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेमरेट (सेकंदाला ठरलेल्या तेवढ्याच फ्रेम) लावून काढा, तेही फुकट आहे.

आजींनी पाठवलेल्या क्लिप व्हॉट्सॲपने दाबून बारीक केलेल्या असणार, मोठ्या पडद्यावर लगेच कळतं. त्यांना त्याच क्लिप डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाइल येते, किंवा येत्या रविवारी जाऊन फोनला वायर लावून स्वतःच घेऊन या.

आता कामाची पद्धत. ही मी जरा सविस्तर सांगते कारण लोक सॉफ्टवेअर शिकतात आणि इथेच अडतात. आधी हार्डडिस्कवर एकच फोल्डर करा, त्यात महिन्यांचे फोल्डर, सगळ्या क्लिप त्यात टाका आणि नंतर ते फोल्डर हलवू नका, नाव बदलू नका. प्रोजेक्टच्या फाइलीत व्हिडीओ नसतो, कुठली क्लिप कुठून कुठपर्यंत घ्यायची एवढं लिहिलेलं असतं, म्हणून कुणी फक्त ती प्रोजेक्ट फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन हॉलवर गेलं तर तिथे काहीच दिसत नाही. मग एकदा सगळं नुसतं बघा. न कापता. ज्या क्लिपला तुम्ही हसलात किंवा परत मागे जाऊन बघितलीत तिचं नाव कागदावर लिहा. शेकड्यातून तीस चाळीस निघतील, त्याच टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमधल्या क्लिप मांडायच्या पट्टीवर) ओळीने घ्या, तारखेप्रमाणे.

कापताना क्लिपच्या सुरुवातीचं फोन सावरणं आणि शेवटचं फोन खाली घेणं काढून टाका, निम्मं काम तिथेच होतं. शॉटकटमध्ये एस दाबलं की जिथे रेषा आहे तिथे तुकडा पडतो, एक्स दाबलं की नको असलेला तुकडा जातो आणि पुढचं सगळं मागे सरकतं, ही दोन बटणं आली की तुम्हाला एडिटिंग यायला लागलं समजा. दोन क्लिपच्या मध्ये फिरणारे, उडणारे, पान उलटणारे ट्रान्झिशन टाकू नका, साधा कट पुरतो. फार तर महिना बदलताना हलका डिझॉल्व्ह, म्हणजे एक चित्र विरत दुसरं उमटणं. उभ्या क्लिप आडव्या पडद्यावर ताणून भरू नका, दोन्ही बाजूला काळं राहिलं तर राहू दे, मुलीचा चेहरा आडवा पसरून जाड दिसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

सगळं मिळून पाच सहा मिनिटांच्या वर नको. पाहुण्यांना जेवायचं असतं. घरच्यांसाठी मोठी आवृत्ती वेगळी करा, ती कितीही लांब असू दे. एक्स्पोर्ट एमपी फोर, एच २६४, १०८०पी. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हॉलवर जाऊन त्यांच्याच मशीनवर लावून बघा, प्लीज.

कोल्हापूरहून एक वाचक: आईबाबांच्या लग्नाची कॅसेट डिजिटल करून ४० मिनिटांचा व्हिडीओ केला, पूर्ण वेळ पिक्चरची गाणी टाकली, नातेवाइकांना बघता यावा म्हणून यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच सापडणारा) टाकला तर कॉपीराइटचा क्लेम आला. आपलाच घरचा व्हिडीओ आणि प्रायव्हेट लिंक असताना असं कसं?

लग्न तुमच्या घरचं असलं तरी गाणी म्युझिक कंपनीची आहेत, आणि यूट्यूबचं गाणी ओळखणारं कंटेंट आयडी हे आपोआप चालतं, लिंक अनलिस्टेड आहे का प्रायव्हेट ते बघत नाही. क्लेम आला म्हणजे चॅनल बंद झालं असं नाही, बऱ्याचदा व्हिडीओ चालू राहतो आणि जाहिरातीचे पैसे त्यांना जातात, कधी आवाज बंद करतात, कधी काही देशात दिसत नाही. नातेवाइकांना दाखवायचा एवढाच हेतू असेल तर ड्राइव्हवरून फाइलची लिंक द्या नाहीतर पेन ड्राइव्ह.

पण तुमच्या पत्रातली मला खरी टोचलेली गोष्ट दुसरीच आहे, पूर्ण वेळ गाणी. म्हणजे मंगलाष्टकं गेली, बँड गेला, आईने घेतलेला उखाणा गेला, मागे कुणीतरी अक्षता कुठायत म्हणून ओरडत असेल ते गेलं. त्या कॅसेटमध्ये बोलणारी काही माणसं आता नसतील. त्यांचे फोटो घरात असतील, पण आवाज बहुतेक त्या एका टेपवरच आहे. तेव्हाचे शूटिंगवाले मिक्सिंग करताना असंच सगळ्यावर गाणं चढवायचे, त्यामुळे कितीतरी घरांच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये मूळ आवाज उरलेलाच नाही. तुमच्या कॅसेटमध्ये तो असेल तर, अहो, तो तुम्ही स्वतःच्या हाताने कशाला झाकताय?

कॅप्चर केलेली मूळ फाइल परत उघडा आणि हेडफोन लावून एकदा फक्त ऐका, चित्राकडे न बघता. जिथे कुणी बोलतंय, गातंय, हसतंय तिथे संगीत पूर्ण बंद. जिथे नुसती गर्दी आणि पंगत आहे तिथे संगीत चालेल, पण तेही १५ ते २० डेसिबलने खाली आणा, म्हणजे मागचा गलका ऐकू येत राहतो. टेपची खरखर असेल तर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन आहे, जिथे कुणी बोलत नाही असा एखादा सेकंद निवडून त्याला खरखरीचा नमुना द्यायचा आणि मग पूर्ण आवाजावर लावायचं. फार जोरात लावलं तर माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी वाटतात, थोडी खरखर राहू द्यावी. संगीत हवंच तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत क्लेम न येणारं बरंच मिळतं, नाहीतर घरातल्या कुणाला पेटी येत असेल तर तीच रेकॉर्ड करा.

पेन ड्राइव्हबद्दल एक. फॅट ३२ फॉरमॅटचा असेल तर त्यावर ४ जीबीच्या वरची फाइल जातच नाही, लोकांना वाटतं ड्राइव्ह खराब आहे. १०८०पी व्हिडीओ सेकंदाला ८ मेगाबिटने काढला तर तासाला साडेतीन जीबीच्या आसपास बसतो, तेव्हा तुमचे ४० मिनिटं आरामात मावतील.

न्यू जर्सीहून एक वाचक: नाशिकच्या लग्नाचं शूटिंग दोन कॅमेऱ्यांवर आहे, एक आमचा अमेरिकेतून नेलेला आणि एक नाशिकच्या मामांचा. दोन्ही मिनी डीव्ही. एकत्र केलं तर एकाचं चित्र धक्के खातं आणि हालचाल झाली की आडव्या रेषा दिसतात.

तुमचा कॅमेरा एनटीएससी (अमेरिकेतली टीव्हीची पद्धत), ७२० बाय ४८०, सेकंदाला जवळपास ३० फ्रेम, आणि मामांचा पाल, ७२० बाय ५७६, २५ फ्रेम. दोन्ही आपापल्या स्टँडर्डमध्येच कॅप्चर करा, आणि ज्याचं फुटेज जास्त वापरणार त्याचा फ्रेमरेट प्रोजेक्टला द्या. दुसऱ्याच्या चित्राला थोडे धक्के बसणारच, म्हणून त्यातले संथ शॉट घ्या, नाचाचे घेऊ नका. रेषा दिसतात त्या इंटरलेसिंगच्या, म्हणजे या कॅमेऱ्यात एकेक चित्र आडव्या रेषांच्या दोन अर्ध्या भागांत घेतलं जातं त्याच्या. शॉटकटमध्ये प्रोजेक्ट प्रोग्रेसिव्ह (अख्ख्या चित्रांचा) ठेवला की ते आपोआप डीइंटरलेस करतं, रेषा जातात. चित्र ४:३ चं असेल तर तसंच ठेवा.

लातूरहून एक वाचक: सगळं हार्डडिस्कवर घेतलं, आता जुन्या कॅसेट फेकून दिल्या तर चालतील ना? घरात जागा नाही.

नका फेकू. निदान अजून तरी नको. एक हार्डडिस्क म्हणजे एकच कॉपी, ती पडली की सगळं गेलं. आधी दुसऱ्या डिस्कवर सगळं उतरवा, ती दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा गावी ठेवा, आणि वर्षातून एकदा दोन्ही डिस्क कॉम्प्युटरला लावून चारदोन फाइली मधून मधून उघडून बघा. फक्त एडिट केलेली फिल्म ठेवून मूळ फाइली काढून टाकणं हेही करू नका, आज तुम्हाला जो तुकडा कंटाळवाणा वाटला तोच मुलांना उद्या हवा असेल. कॅसेट पूर्ण रिवाइंड करून डबीत घाला, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, स्पीकर आणि ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब. बुटांच्या एका खोक्यात पंधरा वीस मिनी डीव्ही सहज बसतात.