बर्कली की ह्यूस्टन? ऑप्टोमेट्रीच्या कॉलेजचं नाव आणि त्याची किंमत

टेक्ससमधल्या शुगर लँडहून एका आईंनी लिहिलंय: "लेकीला ऑप्टोमेट्रीसाठी, म्हणजे डोळे तपासायच्या शिक्षणासाठी, दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक आमच्या इथलंच ह्यूस्टन विद्यापीठ, दुसरं कॅलिफोर्नियातलं बर्कली. आम्ही दोघंही नोकरी करतो, धाकटा अजून दहावीत आहे. बर्कलीचं नाव एवढं मोठं, ते सोडून ह्यूस्टनला जा म्हणायला जीभ रेटत नाही. तिचे बाबा म्हणतात, कर्ज काढू, पण नावाजलेल्या ठिकाणीच पाठवू. सासरे पुण्याहून फोनवर विचारतात, एवढा खर्च करून शेवटी चष्म्याचा नंबरच काढायचा ना? जागा पक्की करायचं डिपॉझिट भरायची तारीख तोंडावर आलीय. काय करू?"

ताई, मी स्वतः ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणून आधी आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर देते. तो प्रश्न घरात तसाच पडून राहिला, तर कॉलेजची निवडही त्याच दडपणाखाली होईल. 'पोरगी डॉक्टर नाही झाली, निदान नाव तरी मोठं असू दे' हा विचार कुणी बोलून दाखवत नाही, पण असतो. मी बऱ्याच घरांत पाहिलाय.

आजोबांच्या डोळ्यांसमोर चष्म्याच्या दुकानात आत पडद्यामागे बसून नंबर काढणारा माणूस असणार. अमेरिकेतला ऑप्टोमेट्रिस्ट बहुधा चार वर्षांची पदवी घेतो आणि मग आणखी चार वर्षं फक्त डोळ्यांचं शिक्षण. तो शस्त्रक्रिया करणारा नेत्रतज्ज्ञ नव्हे, पण आजार ओळखतो, औषधं देतो, काचबिंदूचा रुग्ण वर्षानुवर्षं सांभाळतो. ओक्लाहोमात १९९८ पासून आणि केंटकीत २०११ पासून तर त्याला काही लेझर उपचारही करता येतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळातल्या एकीने तिच्या सासूबाईंना माझ्याकडे आणलं. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. "नंबर वाढलाय बहुतेक, संध्याकाळी दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात आणि कपाळ दुखतं," म्हणाल्या. घरच्यांना वाटत होतं मोतीबिंदू असेल, भारतात परत गेल्यावर बघू. उजव्या डोळ्याचा दाब घेतला तर ३८. साधारणपणे तो १० ते २१ असतो. एरवी आम्ही बाहुली मोठी करणारे थेंब घालतो. इथे हात आवरला, कारण त्याने दाब आणखी चढला असता. डोळ्याला आरशाचं भिंग लावून कोन, म्हणजे डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं ती जागा, पाहिला. तो जवळजवळ मिटलेला. दाब उतरवायची औषधं दिली आणि त्याच दुपारी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे लेझरसाठी पाठवलं. त्या डोळ्याची दृष्टी वाचली. आजोबांना हे जरूर सांगा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण तो याच गोष्टीत दडलेला आहे. डोळ्याचा कोन बघायला मी कॉलेजात शिकले नाही. शिकवला होता, पण आम्ही एकमेकांच्या डोळ्यांवर सराव करायचो. पंचविशीतले सगळे धडधाकट डोळे. मिटत आलेला कोन मी पहिल्यांदा पाहिला तो चौथ्या वर्षी, सरकारी दवाखान्यात, जिथे सकाळी सात वाजल्यापासून रांग असायची. माझं कॉलेज खाजगी आणि नावाजलेलं. आई-बाबांनी नाव बघूनच हो म्हटलं आणि मीही. त्यांच्या स्वतःच्या क्लिनिकमध्ये रुग्ण इतके कमी होते की एका रुग्णामागे आम्ही तिघं-तिघं उभे असायचो. त्या कॉलेजचं कर्ज फेडायला मला चौदा वर्षं लागली. माझी पदवी तपासणीच्या खोलीत भिंतीवर टांगलेली आहे आणि ती खोली दिवसभर अंधारी असते. इतक्या वर्षांत एकाही रुग्णाने मला विचारलेलं नाही, की तू शिकलीस कुठे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. या पेशात कॉलेजचं नाव लायसन्स हातात पडेपर्यंत चालतं. त्यानंतर हाताला लागलेली सवय चालते आणि कर्जाचा हप्ता चालतो.

बर्कली म्हटलं की आपल्या लोकांना कॉम्प्युटर इंजिनिअरिंग आठवतं, नोबेल आठवतं. ते वलय ऑप्टोमेट्रीच्या पदवीवरही पसरतं. तिथला विभाग खरोखरच जुना आहे, १९२३ पासूनचा, आणि संशोधनात त्याचा दबदबा आहे. पण ह्यूस्टनचं कॉलेजही १९५२ चं, तेही सरकारी. दोन्हींना ऑप्टोमेट्रीच्या एकाच मान्यता परिषदेची मान्यता आहे. दोन्हीकडची मुलं त्याच तीन राष्ट्रीय परीक्षा देतात आणि शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेला नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटलाच जातात. वैद्यकीय किंवा विधी कॉलेजांसारखी, सगळ्यांनी मानलेली क्रमवारी ऑप्टोमेट्रीला नाही. इंटरनेटवर 'टॉप टेन' म्हणून ज्या याद्या फिरतात त्यांवर विसंबून कर्ज काढू नका.

मग प्रतिष्ठा मोजायची कशी? दोन आकडे बघा. पहिला, राष्ट्रीय परीक्षेत किती मुलं पास होतात. कॉलेजांना हा आकडा जाहीर करावा लागतो. यात पहिल्या फेरीत पास होणाऱ्यांचं प्रमाण वेगळं आणि पदवी मिळेपर्यंत कधीतरी पास झालेल्यांचं वेगळं. जाहिरातीत बहुतेक वेळा दुसरं छापतात, कारण ते मोठं दिसतं. तुम्ही पहिलं विचारा, आणि एका वर्षाचं नाही, तीन-चार वर्षांचं. दुसरा आकडा, पहिल्या वर्षाला बसलेल्या शंभरांतले किती जण चार वर्षांत बाहेर पडतात. कच्ची मुलं मध्येच गळाली तर उरलेल्यांचा निकाल आपोआप उजळतो, म्हणून हे दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचायचे. गेल्या काही वर्षांत देशात नवी कॉलेजं बरीच निघाली, त्यांतल्या काहींच्या बाबतीत या दोन आकड्यांकडे फार बारकाईने बघावं लागतं. स्वस्त आहे एवढ्यावर तिथे मूल घालणं मला पटत नाही. अर्धवट शिक्षणाचं कर्जसुद्धा पूर्ण फेडावं लागतं.

याशिवाय लेकीने दोन्हीकडच्या चौथ्या वर्षातल्या एकेका मुलीला गाठून नीट विचारावं: आतापर्यंत किती रुग्ण तू स्वतः तपासलेस? काचबिंदूचे किती, लहान मुलं किती? बाहेरच्या दवाखान्यांत पाठवतात तेव्हा दर तीन महिन्यांनी गाव बदलावं लागतं का, आणि तिथल्या भाड्याचं काय? हा भाड्याचा खर्च कॉलेजच्या पत्रकात ठळक दिसत नाही, पण दोन ठिकाणची भाडी एकाच वेळी भरावी लागली की कळतो. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात जागा मिळते का हेही विचारावं. तिथे म्हातारे, मधुमेही, गुंतागुंतीचे रुग्ण येतात आणि हात तयार होतो.

आता पैशांचं बोलू, कारण इथे मोठा बदल झालाय आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने 'ग्रॅड प्लस' हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद झालंय. आधी फी, राहणं, खाणं सगळ्याला पुरेल एवढं कर्ज सरकारकडून मिळायचं. आता ऑप्टोमेट्रीसारख्या व्यावसायिक पदवीला वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकूण २ लाख, त्याहून जास्त नाही. घरी राहून ह्यूस्टनला गेली तर टेक्ससच्या रहिवाशाच्या फीमध्ये ती या मर्यादेत आरामात बसेल. बर्कलीला तिला निदान पहिल्या वर्षी बाहेरच्या राज्याची म्हणून सुमारे १२ हजार डॉलर जास्त भरावे लागतील, त्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियाचं भाडं. मर्यादेच्या वरचे पैसे खाजगी बँकेकडून काढावे लागतील आणि त्या कागदावर बहुधा तुमची सही लागेल. म्हणजे कर्ज तिचं राहत नाही, घराचं होतं. धाकटा दोन वर्षांनी कॉलेजच्या दारात असेल तेव्हा ती सही तुमच्या नावावर उभी असेल.

हिशेब करून दाखवते. समजा भाडं, जेवण, फी धरून दोन कॉलेजांत वर्षाला ३० हजारांचा फरक पडला. चार वर्षांचे १ लाख २० हजार. व्याज ८ टक्के धरू. पदव्युत्तर सरकारी कर्जाचा दर २०२५-२६ ला ७.९४ होता, खाजगी दर कमी-जास्त असतील. व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, त्यामुळे पदवी मिळेपर्यंत हा आकडा १ लाख ४४ हजारांच्या आसपास जातो. दहा वर्षांत फेडायचं तर महिना साडेसतराशे डॉलर, एकूण २ लाख १० हजारांच्या घरात. आणि हा नुसता दोन कॉलेजांमधला फरक. मूळ खर्च वेगळाच. २०२४ च्या सरकारी आकडेवारीत ऑप्टोमेट्रिस्टचं मधलं उत्पन्न वर्षाला १ लाख ३५ हजारांच्या जवळ होतं, म्हणजे निम्म्या लोकांना त्याहून कमी मिळतं आणि नव्याने लागलेल्या मुलीला तर कमीच. बर्कलीची म्हणून तिला मॉलमधलं दुकान किंवा गावातलं क्लिनिक जास्त पगार देईल, असं होत नाही. पगार ठरतो तो गाव कुठलं, आठवड्यात शनिवार किती आणि क्लिनिक कोणाचं यावर.

माझा स्वतःचा ठोकताळा असा, की एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगाराच्या वर जाऊ देऊ नये. गेलं तर पुढची दहा वर्षं मुलगी स्वतःचं क्लिनिक घ्यायचा विचारच करू शकत नाही. मोठ्या साखळी दुकानात जिथे जास्त मिळेल तिथे राबते. मी राबले. लग्न, घर, मूल, सगळं त्या हप्त्याच्या मागे उभं राहिलं.

बर्कली घ्यावं अशा दोन परिस्थिती मला दिसतात. लेकीला संशोधन करायचं असेल, पीएच.डी. करून शिकवायचं असेल, तर तिथले प्राध्यापक आणि प्रयोगशाळा यांना खरी किंमत आहे. किंवा तिला कॅलिफोर्नियातच कायम राहायचं असेल, कारण ओळखी जिथे शिकतो तिथेच होतात. यातलं काही असेल तर तिच्या तोंडून यायला हवं, बाबांच्या नाही. आणि तसं असेल तर शिष्यवृत्ती वाढवून मागा. मागायला आपल्याला संकोच वाटतो, पण दुसरीकडचं प्रवेशपत्र दाखवून नम्रपणे विचारणं इथे अजिबात वावगं नाही.

ज्यांच्या मुलांकडे अजून ग्रीन कार्ड नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. एच-४ (आई-बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला) किंवा एफ-१ (विद्यार्थ्याचा) व्हिसावरच्या मुलाला सरकारी कर्ज मिळत नाही; खाजगी बँका बहुतेक वेळा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जामीन मागतात. वयाची २१ वर्षं पूर्ण होतात आणि एच-४ संपतो, नेमका याच अभ्यासक्रमाच्या तोंडावर. ती तारीख कॅलेंडरवर लिहून वकिलाशी एक वर्ष आधीच बोला. कर्ज मिळेल हे गृहीत धरून डिपॉझिट भरू नका.

टेक्ससबाहेरच्या कुणाची नजर ह्यूस्टनवर असेल तर लक्षात ठेवा: तिथल्या सरकारी विद्यापीठात हजार डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली, तरी स्थानिक फी लागू होऊ शकते. कॅनडात दोनच कॉलेजं आहेत. वॉटर्लूत इंग्रजीतून, माँट्रियलला फ्रेंचमधून. आणि पुण्या-मुंबईत बी.ऑप्टोम. (ऑप्टोमेट्रीची पदवी) केलेल्या भाच्याबद्दल बरेच जण विचारतात. त्याला इथे थेट काम करता येत नाही, पण बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉलेजसारख्या ठिकाणी परदेशी पदवीधरांसाठी कमी वर्षांचा अभ्यासक्रम आहे.

तर ताई, माझं उत्तर ह्यूस्टन. लेकीने चौथ्या वर्षातल्या मुलींशी बोलून निकालाचे आकडे ताडून पाहिले आणि त्यात काही खटकलं, तरच पुन्हा विचार करा. बर्कलीचं डिपॉझिट भरून झालं असेल तर ते गेलं असं समजा. त्या थोड्या पैशांपायी चार वर्षं ठरवू नका. या शनिवारी जेवणं झाली की टेबलावर दोन कोरे कागद ठेवा, एकावर ह्यूस्टन, दुसऱ्यावर बर्कली, आणि पेन लेकीच्या हातात द्या. महिन्याचा हप्ता तिने स्वतः लिहावा. बाबांनी त्या वेळी शेजारी बसावं, मध्ये बोलू नये. आजोबांना फोन लागला तर सांगलीच्या आजींची गोष्ट लेकीलाच सांगू दे.