टीव्ही थिजतो तेव्हा वायफाय चालतं, वायफाय झोपतं तेव्हा टीव्ही चालतो: दोन्हींचं मूळ एकच

तुमची पोस्ट वाचली. तुमचं सीताबर्डीतलं ३२ खोल्यांचं हॉटेल, पावसाळ्यात वीज पडून राऊटर जळाला, नवा बसवला आणि तेव्हापासून खोल्यांतले टीव्ही चालता चालता थिजतात. चॅनल बदललं की परत चालू. कंपनीचा माणूस येऊन काहीतरी करून जातो, टीव्ही सुधारतात, पण मग पाहुण्यांचं वायफाय झोपतं. पुन्हा तक्रार केली की वायफाय उठतं आणि टीव्ही थिजायला लागतात. आता कंपनीने डिश, एन्कोडर (डिशचे चॅनल नेटवर्कवर सोडणारी पेटी), स्विच (खोल्यांच्या लॅन केबली जिथे जोडतात ती पेटी) सगळंच बदलायचं कोटेशन हातात ठेवलंय. भाऊ, हेच आमच्याकडे झालंय, तेही डिसेंबरात, हिवाळी अधिवेशन चालू असताना. तेव्हा नागपुरात खोली मिळत नाही, आणि मिळालेल्या खोलीतला पत्रकार किंवा अधिकारी बातम्या लावल्याशिवाय चहाला हात लावत नाही.

आधीच सांगतो, मी नेटवर्क इंजिनिअर नाही. गणेशपेठेतल्या एका हॉटेलचं मेंटेनन्स बघतो, म्हणजे लिफ्ट, गीझर, जनरेटर आणि ज्यातलं कोणालाच काही कळत नाही ते सगळं. तुमचे स्विच वेगळ्या कंपनीचे असतील तर मेन्यूतली नावं वेगळी असतील. पण लक्षणं इतकी जुळतायत की कोटेशनवर सही करण्याआधी एक संध्याकाळ यात घालाच.

मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन रिकाम्या खोलीत जा. एक चॅनल लावा आणि रिमोट बाजूला ठेवून बसा. चित्र थिजलं की वेळ बघा. परत लावा, परत मोजा. दर वेळी साधारण २६० सेकंद, म्हणजे सव्वाचार मिनिटांच्या आसपास येत असेल तर डिश, पाऊस, केबल, टीव्ही यांचा काही संबंध नाही. खराब सिग्नल असा घड्याळ लावून जात नाही. मग शेजारच्या खोलीत तोच चॅनल दोन मिनिटं उशिरा लावून बघा. पहिला थिजेल तेव्हा दुसरा चालूच असेल आणि तो त्याच्या वेळेला थिजेल. छतावर बिघाड असता तर दोन्ही एकदम गेले असते. ही परीक्षा फुकट आहे आणि कंपनीच्या माणसासमोर करता येते. माझ्या मते तीच सर्वांत कामाची.

मल्टिकास्ट, म्हणजे एकच चॅनल एकदाच सोडून अनेक टीव्हींना पुरवणं, हे खोलात शिकवत बसत नाही, एन्कोडर बसवलेत म्हणजे तेवढं कानावर असेलच. फक्त हे २६० कुठून येतात ते बघा. टीव्ही चॅनल लावताना आयजीएमपीचा (चॅनल मागायच्या ठरलेल्या पद्धतीचा) निरोप पाठवतो की मला अमुक पत्त्यावरचा चॅनल हवा. स्विचमधलं आयजीएमपी स्नूपिंग हे निरोप मधल्या मध्ये ऐकतं आणि ज्या पोर्टवरून मागणी आली त्याच पोर्टवर चॅनल सोडतं. पण ही मागणी स्विच कायमची धरत नाही. नेटवर्कात कोणीतरी एक क्वेरियर लागतो. तो साधारणपणे दर १२५ सेकंदांनी विचारतो, अजून कोण बघतंय? पंगतीत वाढपी फिरून कढी हवी का विचारतो, तसंच. टीव्ही हो म्हणतो, स्विच ते ऐकतो, चॅनल चालू राहतं. वाढपीच नसेल तर टीव्ही आपणहून तोंड उघडत नाही. स्विच दोन फेऱ्यांचे २५० आणि उत्तराचे १० असे २६० सेकंद वाट बघतो आणि त्या पोर्टवरचं चॅनल बंद करतो. चॅनल बदललं की टीव्ही नवा निरोप धाडतो, म्हणून चित्र परत येतं.

तुमच्या जळालेल्या राऊटरकडे बहुतेक हेच काम होतं. नव्यावर ते कोणी चालू केलं नाही. आमच्याकडे राऊटर इंटरनेटवाल्या पोराने बदलला होता. त्याला टीव्हीचं काही माहीतच नव्हतं, आणि त्याला दोषही देत नाही. त्याचं काम इंटरनेट, ते चालू होतं.

आता वायफाय का झोपतं? कंपनीचा माणूस जे काहीतरी करून जातो ना, ते म्हणजे स्नूपिंग बंद करणं. मग स्विच सगळे चॅनल सगळ्या पोर्टवर सोडतो, कोणी मागो न मागो. २४ चॅनल आणि सरासरी ३ एमबीपीएस धरा, ७२ झाले. टीव्हीचं लॅन पोर्ट बहुतेक १०० चं असतं, ते कसंबसं निभावतं, म्हणून टीव्ही सुधारल्यासारखे वाटतात. पण तेच ७२ वायफायच्या ॲक्सेस पॉइंटलाही (वायफाय हवेत सोडणाऱ्या डब्याला) जातात, कारण सगळं हॉटेल एकाच नेटवर्कात आहे. ॲक्सेस पॉइंट मल्टिकास्ट हवेत सोडतो ते ठरलेल्या सर्वांत कमी वेगाने, २.४ गिगाहर्ट्झवर तो बरेचदा १ एमबीपीएस असतो. मग बाकीच्यांसाठी हवेत जागाच उरत नाही. पाहुण्याला वायफायचे पूर्ण दांडे दिसतात आणि व्हॉट्सॲपवर एक फोटो जात नाही. तक्रार वाढली की स्नूपिंग परत चालू, आणि सव्वाचार मिनिटांचा खेळ परत सुरू. उद्या हेच चॅनल एचडी केले, प्रत्येकी ८ धरा, तर १९२ होतात. मग स्नूपिंग बंद ठेवून टीव्हीही चालणार नाहीत.

उपाय म्हणाल तर एका स्विचच्या सेटिंगमध्ये क्वेरियरच्या पर्यायापुढे एक खूण. ती खूण करायला आम्हाला जे भोगावं लागलं ते सांगतो, कारण तुमचंही तिथेच अडणार आहे.

सिस्टम लावणाऱ्या कंपनीचं नाव घेत नाही. त्यांचं नागपूरचं ऑफिस म्हणजे एक टेबल, एक एसी आणि फोनवर कायम "होऊन जाते सर". तक्रार केली की नंबर यायचा आणि कोणी न फिरकताच संध्याकाळी मेसेज, आपली समस्या सोडवण्यात आली आहे. एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) कागद दाखवला तर म्हणे त्यात टीव्ही सिस्टम आहे, स्विच नेटवर्कात येतो, तो विभाग पुण्याला. पुण्याला फोन केला तर नागपूरचा साइट रिपोर्ट हवा. नागपूरला म्हटलं रिपोर्ट द्या, तर पुण्याची मंजुरी आल्याशिवाय इंजिनिअर निघत नाही. शेवटी एक जण लॅपटॉप घेऊन आला. भला पोरगा होता, त्याला दुखणं कळलंही असावं. पण स्विचचा पासवर्ड त्याच्याकडे नाही. पॉलिसी आहे म्हणे.

स्विच आमचे. बिल आमच्या नावाचं, जीएसटी आम्ही भरलेला, वीज आमची. आणि आत शिरायचं तर परवानगी त्यांची! लेटरहेडवर अर्ज मागितला, दिला. शिक्का नाही म्हणून परत आला. शिक्का मारून दिला तर म्हणे मालकांच्या रजिस्टर्ड मेलवरून पाठवा. तेही केलं. मग खरं काय ते बाहेर पडलं: पुढच्या वर्षाची एएमसी आधी भरा, मग पासवर्डचं बघू. इकडे रिसेप्शनवरची पोरं प्रत्येक फोनला "सर, चॅनल बदलून परत लावा" सांगून थकलेली. किती जणांना बिलात सूट दिली त्याचा हिशोब मालकांनी मला दाखवला होता. तो इथे लिहीत नाही.

एएमसी भरली नाही. सीसीटीव्हीचं काम करणारा एक ओळखीचा मुलगा आहे, त्याला घेऊन रात्री पाहुणे झोपल्यावर मजल्यामजल्याचे स्विच फॅक्टरी रीसेट केले आणि सगळं नव्याने मांडलं. पोर्टचा तक्ता कंपनीने कधी दिलाच नव्हता. १७ नंबरच्या पोर्टमधल्या केबलवर २०४ ची चिठ्ठी होती आणि ती निघाली ३०२ मध्ये. तिसऱ्या मजल्यावर एक केबल तर कुठेच जात नव्हती, फॉल्स सीलिंगमध्ये गुंडाळून ठेवलेली. हा सगळा ताप एका पासवर्डपायी.

म्हणून माझं स्पष्ट मत, कोणाला कडवट वाटलं तर वाटो: स्विच, राऊटर, ॲक्सेस पॉइंटचा कंट्रोलर, एन्कोडर यांचे ॲडमिन पासवर्ड, सेटिंगच्या बॅकअप फाइल, पोर्टचा तक्ता आणि टीव्हीच्या हॉटेल मोडचा क्लोन (खोल्यांसाठी केलेल्या सेटिंगची नक्कल) घेतलेला पेनड्राइव्ह हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. तुमचा हप्ता गेला असेल तर आता ते नवं कोटेशन हाच तुमचा हुकमी पत्ता आहे. सही हवी असेल तर आधी पासवर्ड द्या म्हणा. मात्र आमच्यासारखं पासवर्डशिवाय रीसेटचं बटण सहजासहजी दाबू नका. सोबत जाणकार नसेल तर अख्खं हॉटेल बंद पडेल, मग मला शिव्या देऊ नका.

आत शिरलात की आधी बॅकअप घ्या. मग टीव्ही, पाहुण्यांचं वायफाय, ऑफिस-बिलिंग आणि कॅमेरे यांचे वेगळे व्हीएलॅन करा, म्हणजे त्याच स्विचवर एकमेकांपासून तोडलेली वेगळी नेटवर्कं. टीव्हीच्या व्हीएलॅनमध्ये मुख्य स्विचवर क्वेरियर चालू करा आणि मजल्यांच्या सगळ्या स्विचवर स्नूपिंग चालू ठेवा. त्या व्हीएलॅनमध्ये मुख्य स्विचला आयपी पत्ता द्यायला विसरू नका. कित्येक स्विचवर पत्त्याशिवाय खूण केली तरी क्वेरियर गप्पच राहतो. हे काम राऊटरवर ठेवू नका, राऊटर पुन्हा जळेल किंवा इंटरनेटवाला बदलेल. मग स्टॉपवॉच लावून परत बसा.

व्हीएलॅन वेगळे केले की एक नवी तक्रार येईल, की मोबाइलवरचं टीव्हीवर कास्ट होत नाही. बरोबर आहे. मोबाइल आणि क्रोमकास्ट एकमेकांना शोधतात ते एकाच नेटवर्कात असले तरच. यासाठी कोणी "सगळं एकत्र करून देतो" म्हटलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. एकत्र केलं की २०५ चा पाहुणा २०६ च्या टीव्हीवर काय लावेल ते सांगता येत नाही. हॉटेलसाठी खोलीनिहाय जोडणारे कास्टिंग गेटवे मिळतात, टीव्हीवरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा. पैसे नसतील तर एचडीएमआय केबल रिसेप्शनवर ठेवा, चालतं.

लग्नसराईत वायफायचं आणखी एक लफडं होतं. साध्या नेटवर्कात फोनांना वाटायचे पत्ते २५४. हल्लीचे फोन खोटा मॅक पत्ता (नेटवर्कवरची फोनची ओळख) देतात, कधी कधी तो बदलतातही, आणि लीज (पत्ता एका फोनकडे राहायची मुदत) २४ तासांची असेल तर गेलेल्या वऱ्हाडाचे पत्ते दुसऱ्या दिवशीपर्यंत अडकून राहतात. लीज ४ तासांवर आणा, पत्ते १०२२ पर्यंत वाढवा. ओटीपीवर लॉगिन ठेवलं असेल तर ताडोबा-पेंचला जाणारे परदेशी पाहुणे अडकतात, त्यांच्याकडे भारतीय नंबर नसतो. रिसेप्शनवर छापील व्हाउचर ठेवा. लॉग ठेवण्याबद्दल सर्ट-इनचे (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे) २०२२ चे निर्देश १८० दिवस म्हणतात. तुमच्या हॉटेलला नेमकं काय लागू पडतं ते जाणकाराकडून बघून घ्या, मी वकील नाही. आणि एन्कोडरला घरगुती डीटीएचचे बॉक्स जोडले असतील तर तेही निस्तरून घ्या. हॉटेल हा व्यावसायिक ग्राहक धरला जातो, घरच्या पॅकवर भागत नाही.

छतावरच्या पत्र्याच्या पेटीत स्विच असेल तर उन्हाळ्याआधी खाली आणा. बऱ्याच स्विचवर ४० किंवा ५० अंशांची मर्यादा छापलेली असते. नवतपात, त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आपल्या गच्चीवर ती पेटी किती तापते ते हात लावला तरी कळतं. स्विच जिन्याच्या वळणावर एक्झॉस्ट लावून ठेवा, कूलरच्या झोतात मात्र नको.

३०-३२ खोल्यांना आयपी टीव्ही लागतोच कशाला, कोॲक्स (साधी जुनी टीव्ही केबल) आणि तिच्यावर चॅनल चढवणाऱ्या मॉड्युलेटरवर भागलं असतं, असं माझं मत आहे. इथले बरेच जण ते मानणार नाहीत. तुमची लॅन केबल ओढून झालीय, तेव्हा तो वाद राहू द्या.

स्टॉपवॉचचा आकडा आणि स्विचच्या आयजीएमपी पानाचा फोटो इथे टाका, बाहेरचा आयपी आणि पासवर्ड झाकून. मॉडेल नंबरही लिहा, क्वेरियरचा पर्याय कुठल्या मेन्यूत आहे ते बघून सांगतो.