चढावर डिझेल गाडीची पॉवर मध्येच जाते, बंद करून चालू केली की ठीक. सर्व्हिस सेंटरला काहीच सापडत नाही. दुरुस्तीवर खर्च करावा की गाडी विकावी?

"काहीच सापडत नाही" हे वाचलं आणि राहवलं नाही. सापडेल कसं? गाडी शेडमध्ये उभी, इंजिनवर लोड शून्य. स्कॅनरवाला पोरगा दोन मिनिटं स्क्रीन बघतो आणि जाता जाता मेमरीतले बिघाडाचे कोड पुसून टाकतो. वर म्हणतो, "क्लिअर केलं सर, आता चालवून पाहा." अरे बाबा, तो कोड म्हणजेच पुरावा होता! किती आरपीएमला, किती लोडवर, किती स्पीडला गाडीने मान टाकली, हे बहुतेक गाड्यांत कोडबरोबर साठवलेलं असतं. तेच घालवलं.

मी वीज मंडळात होतो, सबस्टेशनवर. चार दिवस नीट चालून पाचव्या दिवशी ट्रिप होणारा (आपोआप बंद पडणारा) फीडर, म्हणजे सबस्टेशनमधून निघणारी लाइन, कसा छळतो ते मला विचारा. तिथे आमच्या साहेबांचा नियम होता: ट्रिपिंगची वेळ, लोड आणि हवामान लॉगशीटवर आल्याशिवाय सामानाला हात लावायचा नाही. गाडीलाही हेच लागू पडतं असं माझं मत आहे. आमच्या साळेबुवांना ते आजवर पटलेलं नाही.

माझीही गाडी तुमच्यासारखीच, जुनी डिझेल. मुलगी अमरावतीला असते, त्यामुळे तो रस्ता नेहमीचा. तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात पाय पूर्ण दाबला तरी गाडी उठेना. आरपीएमचा काटा अडीच हजाराच्या वर जाईना, मागे ट्रकवाला हॉर्नवर बसलेला. धूर नाही, खडखड नाही, नुसता जीव गेल्यासारखी. कडेला घेतली, चावी बंद, पुन्हा चालू, आणि जणू काही झालंच नाही. (यात जादू काही नाही. कंट्रोल युनिटला प्रेशरमध्ये गडबड दिसली की ते इंजिनची ताकद बांधून टाकतं. चावी फिरवली की पुन्हा एकदा संधी देतं, एवढंच.)

सर्व्हिस सेंटरने आधी फिल्टर बदलला, मग ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह) साफ केला, मग म्हणाले हाय प्रेशर पंप गेला. कोटेशन साठ हजारांच्या वर. कशावरून गेला? "सर, अशा केसमध्ये पंपच असतो." शेजारी म्हणाले, मे महिना आहे, नागपूरच्या गरमीत गाड्यांचं असंच होतं. आणि साळेबुवांचा निकाल तर गाडी न बघताच तयार होता: डिझेलमध्ये भेसळ. "भाऊजी, काऊन वह्या भरून राहिले? दुसऱ्या पंपावर भरा न डिझेल."

वही मी भरतच राहिलो. वेळ, चढ की सपाट, एसी चालू की बंद, गाडीत किती माणसं, डिझेल कुठल्या पंपावरचं आणि टाकीचा काटा कुठे. गरमीचा मुद्दा आधी निकाली निघाला. पहाटे गार हवेत गाडीने मान टाकली होती, आणि भर दुपारी पंचेचाळीस डिग्रीत टाकी फुल्ल असताना तोच घाट तिसऱ्या गिअरमध्ये मजेत चढली होती. मग भेसळही गेली, कारण वेगवेगळ्या पंपांवर भरून फरक नव्हता. उरला तो टाकीचा काटा. पॉवर गेली ती प्रत्येक वेळी टाकी अर्ध्याच्या खाली असताना आणि इंजिनवर जोर असताना. आणखी एक बारीकशी नोंद होती: टाकी खाली असली की सकाळी सेल्फ जरा जास्त मारावा लागायचा.

ही वही घेऊन नागपूरजवळच्या वाडीला गेलो. तिथे ट्रकवाल्यांची वर्दळ, त्यामुळे पंप-नोझलची कामं करणारे जुने मिस्त्री आहेत. माझ्या मिस्त्रीने वही वाचली, बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाला, "साहेब, लाइन हवा घेऊन राहिली." माझ्या गाडीत टाकीत पंप नाही. इंजिनवरचा पंपच डिझेल लांबून ओढतो. टाकी भरलेली असली की ओढायला कमी जोर लागतो, खाली गेली की जास्त. चढावर इंजिन जास्त डिझेल मागतं, म्हणजे ओढ आणखी वाढते. पाइपला कुठे बारीक चीर असेल तर भोक पडलेल्या स्ट्रॉने उसाचा रस प्यावा तसं होतं, रसाआधी हवा येते. चीर डिझेल ओढणाऱ्या बाजूला असल्यामुळे बाहेर एक थेंब गळत नाही, म्हणून जमिनीवर डाग शोधून उपयोग नाही. आणि रात्रभर त्याच चिरेतून हवा शिरून डिझेल मागे टाकीकडे सरकतं, म्हणून सकाळचा सेल्फ.

तो स्कॅनर घेऊन शेजारच्या सीटवर बसला, मी गाडी पळवली. हे महत्त्वाचं: लाइव्ह डेटा चालत्या गाडीत, लोडवर बघायचा. गाडी मागत होती बाराशे बार, रेलमध्ये (नोझलना डिझेल देणाऱ्या जास्त दाबाच्या नळीत) मिळत होते आठशेच्या आसपास, आणि मग लिम्प मोड, म्हणजे तीच ताकद बांधलेली अवस्था. आता या एवढ्यावर पंप बदलणारे बदलतात. याने फिल्टर आणि पंपाच्या मध्ये हातभर पारदर्शक पाइप जोडला आणि रेस दिली. रिकाम्या रेसला एखाददुसरा बुडबुडा, जोर दिला की पाइपभर पांढरा फेस. मग टाकीकडून फिल्टरला येणाऱ्या रबरी पाइपची क्लिप काढली. वरून पाइप धड दिसत होता. क्लिपच्या खालचा भाग बोटांनी वाकवला तेव्हा रबरावर गोल गोल चिरा उघडल्या. वीतभर नवा पाइप, दोन क्लिपा. बिलात पाइपपेक्षा मजुरी जास्त होती आणि ती मी आनंदाने दिली.

आता तुमचं. टाकीच्या काट्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, तो बघा. पॉवर जाताना धूर बघा, मागच्या गाडीतल्या कुणाला तरी बघायला सांगा. काळा धूर असेल तर बहुतेक हवा कमी पडते: टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) होज किंवा ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप फाटलेला असतो, दाबाखालीच उघडतो, आणि फाटलेल्या जागी तेलकट काळपट थर दिसतो. धूर नसेल तर डिझेलच्या बाजूला शोधा. दोन्हीत काही नसेल तर ॲक्सिलरेटर पेडलचा सेन्सर आणि त्याचं कनेक्टर. कोड कुणाला पुसू देऊ नका, आधी फोटो काढा. टर्बो किंवा पंप "बहुतेक" गेला असं म्हणणाऱ्याला मापं दाखवायला सांगा. नाही दाखवली तर चावी घेऊन निघून या.

बीएस-६ गाडी असेल तर धुराचा हिशेब सोडा, डीपीएफ (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर) काळा धूर अडवतो, आणि डीपीएफ चोंदला तरी पॉवर जातेच. टाकीतच पंप असलेल्या गाडीला माझी काट्याची गोष्ट जशीच्या तशी लागू नाही. पारदर्शक पाइप फक्त तपासणीपुरता, फिल्टरच्या बाजूच्या कमी दाबाच्या लाइनवर. रेल आणि नोझलच्या स्टीलच्या पाइपला चालू इंजिनवर हात लावू नका, तिथली धार कातडीत घुसते. आणि ही परीक्षा समृद्धीवर घेऊ नका, तिथे मागचा माणूस एकशेवीसने येत असतो.

विकायचं म्हणाल तर या अवस्थेत गिऱ्हाईक पंपाची किंमत कापूनच भाव सांगेल, मग पंप गेलेला असो वा नसो.

साळेबुवांचं म्हणणं अजून तेच आहे, की पाइपही भेसळीच्या डिझेलनेच कुजला. सध्या त्यांच्या पेट्रोल गाडीला झटके येतात. इंजिन गरम झाल्यावर येतात का, मी विचारलं. गरम झाल्यावरच येत असतील तर माझा संशय इग्निशन कॉइलवर (प्लगला ठिणगी देणाऱ्या) आहे. "केव्हाही येतात," म्हणाले. काही लिहून ठेवलंय का? "लिहायचं काय त्याच्यात, भाऊजी? मी पंप बदलला न." म्हणजे पेट्रोल भरायचा. झटके चालूच आहेत.