वाचकांचे प्रश्न : माइनक्राफ्टमधला उसाचा खोडवा

प्रश्न : माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या कॉम्प्युटर खेळात दर वेळी नवं जग मिळतं, तरी दोन-तीन दिवस भटकलं की सगळे डोंगर आणि वाळवंटं सारखीच वाटू लागतात. माझी मुलगी मात्र महिनोन्‌महिने एकाच जगात रमते. असं का?

उत्तर : तुम्ही बघायला फिरता, ती काहीतरी आणायला निघते. जग तयार होतं ते ‘सीड’ नावाच्या एका आकड्यापासून. त्यावर गणिती नॉइज (हळूहळू चढ-उतार करत जाणारे, यदृच्छेने आल्यासारखे आकडे) चालवून उंची, तापमान, आर्द्रता ठरते. आकडे अफाट आहेत, पण नियम तेच, त्यामुळे डोळा लवकर सरावतो. ‘नो मॅन्स स्काय’ हा अंतराळातला खेळ 2016 च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा त्यात 18 वर 18 शून्यं इतके ग्रह होते, तरी तोचतोचपणाची तक्रार झालीच. स्वतःचं ठाणं बांधायची सोय त्यात आली नोव्हेंबरमध्ये.

नुसत्या नवलाईवर खेळ फार काळ तग धरत नाही, गरज लागते. मंतरण्याचं टेबल घ्या, म्हणजे हत्यारं-अवजारांना जादुई ताकद देणारं. त्याला 4 ऑब्सिडियन (काळा, टणक दगड), 2 हिरे आणि 1 पुस्तक लागतं. पूर्ण ताकदीसाठी भोवती 15 पुस्तकांची कपाटं हवीत आणि एका कपाटात 3 पुस्तकं जातात. म्हणजे टेबलाचं धरून एकूण 46 पुस्तकं. एका पुस्तकाला कागदासाठी 3 ऊस आणि 1 चामडं, म्हणजे 138 ऊस, 46 चामडी. शिवाय कपाटांना 90 फळ्या. आता नदीकाठ दिसला की तो नुसता देखावा राहत नाही, तिथे ऊस आहे का हे बघितलं जातं. गाई दिसल्या की कुंपण कुठे घालायचं याचा विचार सुरू होतो.

ऊस पाण्याला खेटून असलेल्या माती-वाळूवरच लागतो आणि तीन ठोकळे उंच वाढतो. बुंध्याचा ठोकळा ठेवून वरचे दोन तोडा, खोडवा आपोआप येतो. 23 बुंधे लावले तर तीन तोडण्यांत 138 पुरे होतात. मुळासकट उपटला तर पुन्हा लागण करावी लागते, नवखे इथेच वेळ घालवतात. कपाटं टेबलापासून एक ठोकळा सोडून मांडा आणि मधली जागा मोकळी ठेवा. तिथे मशाल लावली तरी त्या कपाटाचा उपयोग होत नाही.

प्रश्न : व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे वाय 11 वर (वाय म्हणजे उंचीचा आकडा) बोगदे काढतो, हिरे जवळपास मिळतच नाहीत.

उत्तर : व्हिडिओ जुना आहे. नोव्हेंबर 2021 च्या 1.18 आवृत्तीत जमिनीचा तळ उणे 64 पर्यंत खाली गेला आणि हिरेही खाली सरकले. उणे 59 वर खणा. एक ठोकळा रुंद, दोन उंच बोगदे काढा, दोन बोगद्यांमध्ये तीन ठोकळे सोडा. मधली एक ओळ दिसत नाही, पण हिरे बहुधा पुंजक्याने असतात, त्यामुळे फारसं निसटत नाही. उघड्या गुहेच्या भिंतीत हिरे मुद्दाम कमी ठेवलेले आहेत, म्हणून या खोलीवर बोगदाच बरा.

कुदळ लोखंडाची हवी (3 लोखंडी विटा, 2 काठ्या). दगडी कुदळीने हिरा फुटतो आणि हाती काहीच लागत नाही. या खोलीवर गुहांमध्ये लाव्हा साचलेला असतो, म्हणून पायाखालचा ठोकळा कधी फोडू नका आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा. साचलेल्या लाव्ह्यावर पाणी ओतलं की त्याचं ऑब्सिडियन होतं! ते काढायला हिऱ्याची कुदळ लागते, तिला 3 हिरे. म्हणून टेबलाचे धरून पाच हिरे झाल्याशिवाय वर येऊ नका.

प्रश्न : मी आणि मित्राने एकच सीड टाकला. डोंगर तेच आले, पण गावं वेगळ्या जागी?

उत्तर : तुमच्यापैकी एक जण कॉम्प्युटरवर जावा आवृत्ती खेळत असेल आणि दुसरा मोबाइलवर बेडरॉक. 1.18 पासून दोन्हींत भूरूप जवळपास सारखं येतं, गावं आणि अवशेष मात्र वेगळ्या हिशोबाने बसतात. दोघांनी एकच आवृत्ती घ्या.