भोक कुणी पाडलं?

(परसातली झाडं : वाचकांचे प्रश्न)

ताई, आमचा माड सहा वर्षांचा आहे. नवी झावळी उघडली की कात्रीने कापल्यासारखी दिसते, दोन्ही बाजूंना अगदी सारखी. शेजारी म्हणतात माकडं फाडतात. शेणखत भरपूर घालतो, खड्डा झाडाजवळच आहे, तरी माड वाढत नाही.

माकडांना उगाच बोल लावू नका. माकड ओरबाडतं, त्याला भूमिती येत नाही. दोन्ही बाजूंना सारखे त्रिकोणी काप दिसले की तो गेंड्या भुंगा समजायचा. झावळी कोंबात घट्ट मिटलेली असते तेव्हाच तो शेंड्यात शिरून आरपार भोक पाडतो. लहानपणी घडी घातलेल्या कागदाला कात्री लावून नक्षी करायचो ना? तसंच हे. कोंब उलगडला की एका भोकाची ओळीने नक्षी होते. म्हणजे आज दिसतंय ते नुकसान काही आठवड्यांपूर्वीच झालेलं आहे.

तुमच्या पत्रातलं खरं वाक्य शेणखताचं. हा भुंगा माडावर खातो, पण अंडी घालतो ती कुजणाऱ्या शेणात, पालापाचोळ्यात, पडलेल्या माडाच्या ओंडक्यात. माझाही खड्डा माडापासून आठ पावलांवर होता. दोन वर्षं मी कोंबात औषध ओतत राहिले. एके दिवशी खत काढायला खड्डा उलथला आणि फावड्यागणिक पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, अंगठ्याएवढ्या अळ्या निघायला लागल्या. बादलीत मोजल्या, त्रेचाळीस. भुंगे मीच पाळले होते.

मात्र दिसेल ती अळी मारू नका. खतातली प्रत्येक पांढरी अळी गेंड्याची नसते. सपाट फरशीवर ठेवून बघा. जी उताणी होते आणि पाय वर करून चक्क पाठीवर सरकत जाते, ती फुलभुंग्याची. ती बिचारी तुमचं खत बारीक करून देते, तिला परत खड्ड्यात सोडा. जी कुशीवर वेटोळं करून पडून राहते तिच्यावर संशय घ्या.

आता माडाचं. वरच्या झावळ्यांच्या बेचक्यात ताजा चघळलेला चोथा दिसला तर भुंगा घरात आहे. टोकाला आकडी केलेली जाड तार भोकात घाला, फिरवा, ओढा. करकर आवाज होतो, हाताला कळतं. नंतर वरच्या तीन-चार बेचक्यांत निंबोळी पेंडीची भुकटी आणि वाळू भरा, प्रत्येकी पाव किलो एका झाडाला, वर्षातून तीनदा. खड्डा महिन्या-दोन महिन्यांनी उलथा आणि मेटारायझियम ही बुरशी मिसळा. तिने मेलेल्या अळीवर आधी पांढरा आणि मग हिरवट थर चढतो, तो दिसला की काम चालू आहे समजा.

थोडं अवांतर. हाच भुंगा १९०९ साली सामोआ बेटांवर पोचला आणि तिथल्या माडांचे हाल झाले. पुढे १९६३ मध्ये अलॉइस हुगर या जर्मन संशोधकाला मलेशियात या भुंग्याला रोगी करणारा विषाणू सापडला. १९६७ मध्ये तो सामोआत सोडला, आणि आजारी भुंग्यांनीच तो इतर भुंग्यांपर्यंत पोचवला. फवारणीच्या पंपापेक्षा मला ही गोष्ट फार आवडते.

माडाच्या बुंध्यावर भोक आहे, त्यातून तपकिरी रस गळतो. भोकात सिमेंट भरलं. बरोबर केलं ना?

नाही. चोर आत असताना दाराला बाहेरून कडी घातलीत. हा सोंड्या भुंगा. गेंड्याच्या दहा पट धोकेबाज, कारण याची अळी खोडाच्या आत राहून खाते आणि बाहेरून माड बराच काळ ठणठणीत दिसतो. संध्याकाळी शांत वेळी खोडाला कान लावा. आत बारीक कुरतडल्याचा आवाज येतो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मलाच अंगावर काटा आला होता.

हा भुंगा जखमेच्या वासावर येतो. गेंड्याने केलेली भोकं, कोयत्याचे घाव, खोडालगत कापलेल्या हिरव्या झावळ्या, सगळं त्याला आमंत्रणच. म्हणून हिरवी झावळी तोडायचीच झाली तर देठ तीन-चार फूट ठेवून तोडा, कापाला निंबोळी तेल लावा. शेंडा अजून हिरवागार असेल तर जाणत्या माणसाला बोलवून उपचार करता येतात. मधला कोंब ओढल्याबरोबर हातात आला, तर मात्र माड गेला. तो तोडून खोड चिरा आणि आतल्या अळ्या, कोष, भुंगे नष्ट करा. नुसता ओंडका कोपऱ्यात लोटून ठेवलात तर पुढच्या पिढीची सोय होईल.

कामगंध सापळ्याबद्दलही (भुंग्यांना वासाने ओढून घेणारा डबा) बऱ्याच जणांनी विचारलंय. मोठ्या बागेत, सगळ्यांनी मिळून लावला तर उत्तम. चार माडांच्या परसात मधोमध टांगलात तर वास लांबवर जातो, भुंगे येतात आणि सगळेच काही डब्यात पडत नाहीत. उरलेले तुमच्याच माडावर उतरतात.

काजूची पालवी आणि मोहोर जळल्यासारखा काळा पडतो. ढगाळ हवेमुळे होतं असं सगळे म्हणतात. कीड तर एकही दिसत नाही.

किती वाजता बघता? दुपारी बघितलंत तर दिसणार नाही. सकाळी ऊन चढायच्या आत किंवा संध्याकाळी जा आणि पालवीच्या खालच्या बाजूने बघा. तांबूस अंगाचा, काळ्या डोक्याचा, डासासारखा लांब पायांचा ढेकूण दिसेल. पाठीवर टाचणी टोचल्यासारखा उभा काटा असतो, टोकाला बारीक गोळी. हा ढेकण्या. तो कोवळ्या देठातला रस शोषतो आणि आपली लाळ आत सोडतो. त्या लाळेने भोवतीची जागा मरून काळा चट्टा पडतो. म्हणून किडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि मोहोर मात्र अख्खा करपलेला, असं दिसतं.

झाडावर पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या आहेत का? असतील तर चावल्या तरी सहन करा. त्या ढेकण्याला टिकू देत नाहीत. उत्तर ऑस्ट्रेलियात काजूच्या झाडांवर याचा रीतसर अभ्यास झालेला आहे. आणि फुलं उमलली असताना विषारी फवारा मारू नका, मधमाश्या आणि माश्या मेल्या तर बी धरणार कशी? फवारायचंच तर पालवीच्या वेळी, तेही ढेकण्या डोळ्यांनी बघून.

जाता जाता बुंध्याकडे नजर टाका. जमिनीलगत डिंक आणि भुसा दिसला तर तो खोडकिडा. पटाशीने साल खरवडून अळी काढा, जखमेला पाच टक्के निंबोळी तेल लावा. सालीचा अर्ध्याहून जास्त घेर पोखरला असेल आणि पानं पिवळी पडली असतील तर ते झाड वाचत नाही.

खारी आणि उंदीर कोवळे नारळ पोखरून पाडतात. विषाच्या वड्या ठेवू का?

वड्या नकोत. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होऊन फिरतो आणि त्याला खाणारं घुबड मरतं. मग पुढच्या वर्षी उंदीर दुप्पट. आधी चोर ओळखा. दिवसा नासधूस झाली तर खार, रात्रीत झाली तर उंदीर. दोघांवर उपाय एकच, गुळगुळीत पत्र्याचा अर्धा मीटर रुंद पट्टा, जमिनीपासून दोन मीटरवर. खिळे मारू नका (वरचं सोंड्याचं उत्तर वाचलंत ना?), तारेने बांधा. माडाचं खोड वयाबरोबर जाड होत नाही, त्यामुळे तार रुतायची भीती नाही. पण शेजारच्या झाडाची फांदी, वीजतार किंवा छप्पर शेंड्याला टेकत असेल तर पट्टा नुसता शोभेचा. खार सहज दोन मीटर उडी मारते.

परसातल्या अक्रोडाची हिरवी साल काळी, चिकट होते आणि आत अळ्या वळवळतात. सगळी फळं फेकून दिली.

अरेरे, घाई झाली. अळ्या सालीतच वळवळत होत्या ना? मग ती सालमाशी. तिची पोरं साल खातात, कवच फोडून आत जात नाहीत. फळ लहान असताना लागण झाली तर गर सुकतो, पण उशिरा झाली तर कवचावर नुसता डाग पडतो आणि गर चांगला निघतो. कवचालाच भोक असेल आणि गरात विष्ठा दिसली तर ती पतंगाची अळी, ती फळं खरंच टाकायची.

पुढच्या हंगामात पडलेली फळं रोजच्या रोज उचला, कारण अळी सालीतून निघून मातीत शिरते, कोषात थंडी काढते आणि नंतर माशी होऊन त्याच झाडावर येते. काळी साल ओली असतानाच चोळून काढा, फळं धुऊन वाळवा. हातमोजे विसरू नका, मी विसरले होते आणि आठवडाभर बोटं शाईत बुडवल्यासारखी घेऊन फिरत होते.